क्रमांक यंत्राचा, निर्णय माणसाचा

तमिळनाडूच्या मतदारयाद्यांचा मसुदा १९ डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला आणि सर्वांचे लक्ष त्यातील वजाबाकीकडे गेले. विशेष सखोल पुनरीक्षणानंतर राज्यभरात सुमारे ९७ लाख नावे कमी झाली होती. एकट्या चेन्नई जिल्ह्यात हा आकडा १४ लाखांहून अधिक, म्हणजे एकूण मतदारांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होता. कारणांची वर्गवारी पाहिली तर सुमारे २७ लाख नावे मृतांची होती, ६६ लाखांहून अधिक स्थलांतरितांची अथवा पत्त्यावर न सापडलेल्यांची आणि दुबार नोंदी साडेतीन लाखांच्या आत. तरीही राजकीय वादात सर्वाधिक उच्चारला जातो तो ‘दुबार मतदार’ हाच शब्द. त्या शब्दात दोन भिन्न दोष एकत्र मिसळले गेले आहेत. ते वेगळे केल्याशिवाय धोरण नीट ठरणार नाही.

पहिला दोष म्हणजे एकच क्रमांक दोन माणसांना मिळणे. मतदार ओळखपत्राची कल्पना १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्षात आली. निवृत्तीनंतर चेन्नईतच राहिलेल्या या प्रशासकाने बोगस मतदानाला आळा घालण्यासाठी छायाचित्राचा आग्रह धरला. पुढे ओळखपत्रांसाठी तीन इंग्रजी अक्षरे व सात अंक अशी रचना रूढ झाली आणि राज्यांना अक्षरमालिका वाटून देण्यात आल्या. मात्र काही नोंदणी अधिकाऱ्यांनी चुकीची मालिका वापरली आणि प्रत्येक राज्याची यादी स्वतंत्र संगणकावर असल्याने ती चूक कोणालाच दिसली नाही. गणेशोत्सव मंडळाने दोन छापखान्यांतून एकाच क्रमांकाची पावतीपुस्तके छापून घ्यावीत, तसा हा प्रकार. प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी निर्दोष असते. घोळ उघड होतो तो हिशेब एकत्र करताना.

मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न राष्ट्रीय वादाचा झाला, तेव्हा निवडणूक आयोगाने ही कारणे मान्य केली आणि तीन महिन्यांत निराकरणाचे आश्वासन दिले. समान क्रमांक असला तरी मतदार भिन्न आहेत आणि प्रत्येकजण आपापल्या केंद्रावरच मतदान करू शकतो, हा आयोगाचा खुलासा वस्तुस्थितीला धरून होता. पण अविश्वास निर्माण व्हायचा तो झालाच. यावरचा तांत्रिक उपाय मुळीच गहन नाही. क्रमांक अर्जदाराने वा कारकुनाने भरायचा नसतो. तो देशभरासाठी एकाच मध्यवर्ती यंत्रणेने आपोआप द्यायचा असतो. आधी दिलेला क्रमांक पुन्हा नोंदवण्यास माहितीसाठ्यानेच नकार द्यायचा असतो आणि मतदाराच्या मृत्यूनंतरही तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नसतो. हा नियम परिपत्रकात लिहून भागत नाही. परिपत्रक विसरले जाते. साठ्यात घातलेले बंधन विसरत नाही.

दुसरा दोष अगदी उलट आहे : एका माणसाला दोन क्रमांक मिळणे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची १७ आणि १८ ही कलमे एका व्यक्तीची नोंद एकाहून अधिक मतदारसंघांत, किंवा एकाच मतदारसंघात दोनदा, होऊ देत नाहीत. पण हे बंधन यंत्रावर सोपवता येत नाही, कारण यंत्राला क्रमांक कळतो, माणूस कळत नाही. चेन्नईत भाड्याचे घर बदलणारे कुटुंब स्थलांतराचा अर्ज क्रमांक आठ भरण्याऐवजी नव्या मतदारासाठीचा अर्ज क्रमांक सहा भरते आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात. त्यात लबाडी असतेच असे नाही; बहुतेकदा अर्जांतला फरक कोणी समजावलेला नसतो.

यावर उपाय म्हणून नाव, वडिलांचे नाव आणि वय जुळताच नोंद अडवावी, अशी सूचना सर्रास केली जाते. ती घातक आहे. तमिळ समाजात आडनावाची प्रथा जवळपास नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढीच ओळख असते. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांना एकच अक्षर असल्याने त्याच नावाची इंग्रजी रूपे वेगवेगळी होतात. परिणामी खरोखर वेगळी असलेली दोन माणसे यंत्राला एक वाटू शकतात आणि एकच माणूस दोन. आपल्याकडेही एकाच गावात समान नाव, समान वडील आणि समान आडनाव असलेली माणसे सहज सापडतात.

म्हणून पहिले बंधन कठोर हवे आणि दुसरे सावध. अर्ज दाखल होतानाच संभाव्य जुनी नोंद अर्जदाराला दाखवावी, ‘ही आपलीच का?’ असे विचारावे आणि होकार आल्यास तोच अर्ज स्थलांतराचा मानावा. नकार आल्यास नोंद रोखू नये, तपासणीला पाठवावी. नाव वगळण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे कायदा सांगतो. ती संधी नोटिशीच्या कागदापुरती उरता कामा नये. दोषामुळे नवा क्रमांक द्यावा लागलाच, तर जुना क्रमांक त्याला जोडलेला राहावा, म्हणजे जुने ओळखपत्र हाती असलेला मतदार केंद्रावरून परत जाणार नाही. आणि किती संशयित जुळण्या आढळल्या व त्यांतल्या किती चौकशीत खोट्या ठरल्या, याची मतदारसंघनिहाय आकडेवारी आयोगाने दरवर्षी प्रसिद्ध करावी.

अनुच्छेद ३२६ प्रौढ नागरिकाला मताधिकार देतो, क्रमांकाला नव्हे. क्रमांक अनन्य ठेवणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे आणि ती नोंदणीच्या क्षणी पार पाडणे स्वस्त असते. ती टाळली की तोच खर्च वीस वर्षांनी घरोघरच्या पुनरीक्षणात करावा लागतो, आणि तेव्हा पुरावे शोधण्याची वणवण ज्याने चूक केली त्याच्या नव्हे, ज्याचे नाव गळाले त्याच्या वाट्याला येते.