वजनकाट्यावरचे पाणी

किडनी निकामी झाली की लघवी कमी होते आणि प्यायलेले पाणी अंगातच साठते. ते पायांवर उतरते, चेहऱ्यावर येते, पुढे फुप्फुसात भरते. मग माणसाला आडवे झोपताही येत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाच्या घरात आम्ही आधी विचारतो, वजनकाटा आहे का?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सोमवारी डायलिसिस करून आलेल्या अब्बांचे वजन गुरुवारी अडीच किलोने वाढले, तर ते बाळसे नव्हे, पाणी आहे. ज्या वजनावर सूज नसते, दम लागत नाही आणि रक्तदाब ताब्यात राहतो, त्याला डॉक्टर ‘ड्राय वेट’ म्हणतात. मशीनवर किती पाणी काढायचे, हे त्यावरून ठरते.

पण काटा एका ठिकाणी फसवतो. भूक मेली की अंगावरचे मांस झडते. दोन किलो मांस गेले आणि दोन किलो पाणी साठले, तरी काटा जुनाच आकडा दाखवतो. घरचे समाधानात असतात आणि पाणी आत वाढत असते.

अशा वेळी बायोइम्पिडन्स तपासणी उपयोगी पडते. हातापायाला चिकटपट्ट्या लावून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज येतो. दुखत नाही, मात्र पेसमेकर असेल तर आधी सांगावे. ही सोय सगळीकडे नसते. तेव्हा दंड बारीक झाले, कपडे सैल झाले, पण नडगीवर बोट दाबले की खड्डा पडतो, असे दिसल्यास डॉक्टरांना ‘ड्राय वेट’ पुन्हा ठरवायला सांगावे.

आता आपल्या कोल्हापुरी ताटाकडे पाहू. तांबडा-पांढरा रस्सा हेही पाणीच, वर मीठ. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. तेवढे मीठ पोटात गेले की शरीर जवळपास लिटरभर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, खारी शेव आवरली की तहानही आवरते.

रमजानमध्ये इफ्तारला सरबताचे ग्लास रिकामे होतात, त्यांचाही हिशेब ठेवावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. सीपीआरमध्ये जा की खासगी दवाखान्यात, ती वही बरोबर न्या. झोपल्यावर धाप लागली, तर मात्र पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.