६४ मृतांचं वादळ

वादळाने माणूस मेला असं कधी म्हणायचं? आकड्यांवरच्या या सदराला शोभेल असाच रुक्ष प्रश्न. पण प्युर्टो रिकोला त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ वर्ष लागलं.

२० सप्टेंबर २०१७ला ‘मारिया’ हे हरिकेन ताशी सुमारे २५० किलोमीटरचे वारे घेऊन या कॅरिबियन बेटावर आलं. दोनच आठवड्यांपूर्वी ‘इर्मा’ जवळून गेलं होतं, तेव्हाच वीजयंत्रणा खिळखिळी झालेली. आता दरडी कोसळल्या, एल युंकेचं जंगल निष्पर्ण झालं आणि साधारण ३३ लाख लोकांचं अख्खं बेट अंधारात गेलं. ३ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आले. मृत्यू १६च, कतरिना वादळापेक्षा किती कमी, असं म्हणाले आणि गर्दीत पेपर टॉवेलचे रोल भिरकावून गेले. सरकारी आकडा पुढे सरकत ६४वर थांबला.

थांबला, कारण वादळबळी ठरायला सान हुआनच्या न्यायवैद्यक संस्थेचा शिक्का लागत होता. रस्ते तुटलेल्या डोंगरी गावातून मृतदेह तिथे न्यायचा कोणी? आणि झाड अंगावर पडलेला माणूस वादळाचा. पण फ्रीज बंद पडून इन्शुलिन खराब झालेली आजी? डिझेल संपल्यावर ऑक्सिजनचं यंत्र थांबलेला म्हातारा? त्यांच्या दाखल्यावर मधुमेह नाहीतर हृदयविकार. दाखला खोटा नव्हता, अपुरा होता.

जून २०१८मध्ये लोकांनी सान हुआनच्या विधिमंडळासमोर आपापल्या मृतांच्या चपला-बूट आणून मांडले. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने बेट सोडून गेलेल्यांचा हिशेब धरून, एरवी झाले असते त्यापेक्षा जास्त मृत्यू काढले: फेब्रुवारी २०१८पर्यंत २,९७५. सर्वाधिक झळ गरीब वस्त्यांना आणि वृद्धांना. सरकारने आकडा मान्य केला.

हे वाचताना मला ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आठवतं. रायगड-रत्नागिरीत माडपोफळींचे पंचनामे झाले, घरांचे झाले. कित्येक गावं पुढे आठवडेच्या आठवडे विजेविना होती. पंचनामा पडलेलं मोजतो, हळूहळू कोसळणारं नाही. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक वादळानंतर सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीची मृत्यूनोंदवही उघडावी आणि मागल्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावी. २०२०च्या पानांत करोनाचा गुंता असेल, कबूल. त्याच्यापासूनच सुरुवात करा असं कोण म्हणतंय? पण पुढच्या वेळी तरी तलाठ्याला दुसऱ्यांदा पाठवा.