मनोरा बदलला की थीम पार्कची गोष्ट का बदलते?

२०२५ च्या मे महिन्यात थीम पार्कच्या जगात पंधरवड्यात दोन मोठ्या बातम्या आल्या. ७ मे रोजी डिस्नीने अबुधाबीच्या यास बेटावर नवं पार्क होणार असल्याची घोषणा केली. २२ मे रोजी अमेरिकेतल्या ओरलँडोत युनिव्हर्सलचं 'एपिक युनिव्हर्स' लोकांसाठी उघडलं. तुमच्या फीडवर या बातम्या आल्या असतील तर त्यात आधी काय दिसलं ते आठवा. राइड किती, तिकीट केवढ्याला, हे सगळं नंतर. पहिल्या फ्रेममध्ये असते ती एखादी उंच वास्तू. किल्ला, मनोरा, नाहीतर भलंमोठं प्रवेशद्वार.

ही वास्तू फोटोसाठी बांधतात असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. पार्कातली सगळ्यात उंच गोष्ट कुठून कुठून दिसते, यावर बाकी पार्कात कोणती गोष्ट सांगता येईल आणि कोणती नाही, हे ठरतं. आणि एकदा ती उभी राहिली की तिला डिलीट करता येत नाही. म्हणून हा विषय जरा खोलात बघू.

थीमिंग म्हणजे नक्की काय?

समजा टीव्हीवर शिवकाळातली मालिका चालू आहे. वाड्यासमोर मावळे उभे आहेत आणि मागे डोंगरावर मोबाइलचा टॉवर दिसतोय. कमेंटमध्ये लोक सोडतील का? नाही. गोष्ट तिथेच तुटते.

मालिकेवाल्यांना एक सोय असते. कॅमेरा थोडा डावीकडे वळवला की टॉवर फ्रेमबाहेर जातो. थीम पार्कवाल्यांना ही सोय नाही. तिथे कॅमेरा म्हणजे तुमचे डोळे, आणि मान कुठे वळवायची हे तुम्ही ठरवता. त्यामुळे डिझायनरला प्रत्येक चौकातून, प्रत्येक बाकावरून, बोटीतून आणि राइडच्या शिखरावरून काय दिसतं हे आधीच तपासावं लागतं. या नजरेच्या रेषांना इंग्रजीतून आलेला 'साइटलाइन' हा शब्द वापरतात. थीमिंगचा निम्मा खेळ या रेषांचाच आहे.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, तेव्हा याची दोन उत्तरं वापरली गेली. पहिलं म्हणजे पार्काभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे बाहेरचे रस्ते आणि विजेचे खांब आतून दिसणार नाहीत. दुसरं म्हणजे मुख्य रस्त्याच्या टोकाला किल्ला उभा केला. वॉल्ट डिस्नी अशा वास्तूला 'वीनी' म्हणायचा. वीनी म्हणजे सॉसेज. ते दाखवलं की कुत्रा मागोमाग येतो, तसा किल्ला दिसला की माणूस आपोआप त्या दिशेने चालू लागतो. पाटी लावायची गरज पडत नाही.

तो किल्ला फक्त ७७ फूट उंच आहे, साधारण सातमजली इमारतीएवढा. तरी तो मोठा वाटतो, कारण वरच्या मजल्यांवर विटा, खिडक्या आणि बुरूज मुद्दाम लहान केलेत. डोळ्याला लहान गोष्ट लांबची वाटते, म्हणून मेंदू उंची वाढवून मोजतो. याला 'फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह' म्हणतात. १९७१ मध्ये फ्लोरिडात उघडलेल्या मॅजिक किंगडमचा किल्ला मात्र १८९ फुटांचा आहे. अमेरिकेत २०० फुटांवरच्या बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. परीकथेतल्या किल्ल्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला तर कसं दिसेल? फ्लोरिडातल्या डिस्नीच्या सगळ्यात उंच वास्तू २०० च्या जरा खाली थांबतात, त्यामागे हेही कारण आहे.

एक यंत्र, तीन गोष्टी

आता मुख्य केस. डिस्नीकडे 'टॉवर ऑफ टेरर' नावाची राइड आहे. मूळ कल्पना साधी: तुम्ही लिफ्टमध्ये बसता आणि लिफ्ट खाली कोसळते. प्रत्यक्षात ती नुसती सोडून देत नाहीत, केबलने खाली ओढतात. त्यामुळे वेग मोकळ्या पडण्यापेक्षाही जास्त असतो आणि तुम्ही सीटवरून उचलले जाता. अशा राइडला उंच इमारत लागतेच, ती लपवता येत नाही. मग तिचं करायचं काय? तीन पार्कांनी तीन उत्तरं दिली.

पहिला टॉवर १९९४ मध्ये फ्लोरिडात उभा राहिला. उंची १९९ फूट, आणि गोष्ट १९३९ साली वीज पडलेल्या हॉलिवूडमधल्या जुन्या हॉटेलची. अडचण अशी झाली की हा टॉवर शेजारच्या एपकॉट पार्कातूनही दिसत होता. तिथे तळ्याकाठी निरनिराळ्या देशांचे विभाग आहेत आणि मोरोक्कोच्या छपरांमागे बरोबर हे हॉटेल डोकावत होतं. डिझायनरांनी हॉटेलच्या वरच्या भागाचा रंग आणि घडण अशी निवडली की लांबून ते मोरोक्कोच्याच इमारतींपैकी एक वाटावं. हॉलिवूडमधली स्पॅनिश वळणाची जुनी हॉटेलं आणि उत्तर आफ्रिकेतली बांधणी यांचं नातं मुळात आहेच, त्यामुळे दोन्ही गोष्टी खोट्या पडल्या नाहीत. एका पार्कातल्या इमारतीने दुसऱ्या पार्कातली थीम सांभाळली.

दुसरा टॉवर टोकियो डिस्नीसी पार्कात, २००६ सालचा. तिथल्या अमेरिकन वॉटरफ्रंट या भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं न्यूयॉर्क आहे, धक्क्याला मोठी प्रवासी बोट लागलेली आहे. तिथे हॉलिवूडचं हॉटेल चाललं नसतं. म्हणून नवी गोष्ट रचली: जगभरातून दुर्मिळ वस्तू उचलून आणणारा एक श्रीमंत हॉटेलमालक, आणि त्याच्यावर उलटलेली एक मूर्ती. इमारत विटांची, जुन्या न्यूयॉर्कच्या धाटणीची. ही भर नंतरची आहे, पण बघताना ती सुरुवातीपासूनच तिथे असावी असं वाटतं.

तिसरा टॉवर कॅलिफोर्नियात, डिस्नी कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या पार्कात. २००४ मध्ये तोही हॉलिवूडचं हॉटेल म्हणूनच उघडला. २०१२ मध्ये पार्काचा पुढचा भाग नव्याने बांधला गेला आणि तिथे १९२० आणि ३० च्या दशकांतलं लॉस एंजेलिस उभं राहिलं. म्हणजे हॉटेल आता अगदी फिट बसत होतं. आणि मग २०१७ आलं. जानेवारीत राइड बंद झाली, २७ मे रोजी 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी: मिशन ब्रेकआउट' म्हणून उघडली. यंत्र तेच, इमारतही तीच. पण बाहेरून सोनेरी-लालसर पाइप, घुमट आणि धातूच्या तबकड्या लावून तिचा परग्रहावरच्या संग्राहकाचा गड केला.

राइड म्हणून ती धमाल आहे, गाणी चालू असताना लिफ्ट वरखाली होते. प्रश्न राइडचा नाही. प्रश्न हा की १८३ फुटांची ही वास्तू फक्त आपल्या दारातून दिसत नाही. ती जुन्या हॉलिवूडच्या रस्त्यावरूनही दिसते. खाली जुन्या गाड्या, सिनेमाची पोस्टर्स, आणि वर मार्व्हलचा गड. तिकीट न काढता, रांगेत न उभं राहता तुम्ही त्या गोष्टीत ओढले जाता.

पुढे काय झालं ते बघा. ४ जून २०२१ रोजी त्याच टॉवरच्या पायथ्याशी 'ॲव्हेंजर्स कॅम्पस' उघडलं. म्हणजे आधी टॉवर बदलला आणि चार वर्षांनी आजूबाजूची जमीन त्याला जुळवून घेतली गेली. माझ्या मते या प्रकरणातला धडा हाच आहे. छोटं दुकान बदललं तर बाकीच्या पार्काला फरक पडत नाही. उंच वास्तू बदलली की ती एक तर भोवतालच्या गोष्टीला खोटं पाडते, नाहीतर तिला आपल्यामागे ओढून नेते. मधला मार्ग फार कमी वेळा सापडतो.

टोपी काढली, नदी बुजवली

यात कंपन्या शिकतातही. फ्लोरिडातल्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कात मुख्य रस्त्याच्या टोकाला लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरची प्रतिकृती आहे. रस्त्यावर पाऊल ठेवलं की समोर तीच दिसावी, असा मूळ आराखडा. २००१ मध्ये तिच्या बरोबर समोर मिकीची १२२ फुटी जादूची टोपी उभी केली. फोटो छान यायचे, पण रस्त्याला अर्थ उरला नाही. जुन्या हॉलिवूडमधून चालत तुम्ही पोचायचे एका जाहिरातीपाशी. २०१५ मध्ये टोपी काढली आणि थिएटर पुन्हा दिसू लागलं.

उलट बाजूचा प्रयोग सध्या मॅजिक किंगडममध्ये चालू आहे. १९७१ पासून तिथे 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' नावाची कृत्रिम नदी होती, तीत वाफेची बोट फिरायची. ६ जुलै २०२५ हा तिचा शेवटचा दिवस होता. तिच्या जागी 'कार्स' सिनेमावर आधारित डोंगराळ भाग येणार आहे. अनेकांना बोट गेल्याचं वाईट वाटलं, तेही खरंच. पण डिझाइनच्या अंगाने बघितलं तर नदी आणखी एक काम करत होती. एका काठाला अठराव्या शतकातलं अमेरिकन गाव, दुसरीकडे खाणकामगारांचा लाल डोंगर. या दोन काळांमध्ये पाणी आणि झाडी अंतर राखत होती. आता अंतराच्या जागी डोंगर येईल. तो गावातून दिसणारच नसेल तर प्रश्न मिटला. दिसणार असेल तर तो त्या गावाचा डोंगर वाटतो की बोलणाऱ्या गाड्यांचा, यावर सगळं ठरेल. काम पूर्ण झाल्यावर मी सगळ्यात आधी तोच फोटो शोधणार आहे.

एपिक युनिव्हर्सने तिसरा मार्ग निवडला. मधोमध बाग, आणि प्रत्येक जगात शिरायला वेगळं मोठं द्वार. हॅरी पॉटरच्या भागात १९२० च्या दशकातलं पॅरिस आहे. तिथे उंच इमारतींच्या दर्शनी भिंतीच बाहेरचं जग झाकतात. प्रत्येक जग स्वतंत्र ॲपसारखं: उघडा, बंद करा, दुसरं उघडा. थीम टिकवायला हे सोपं आहे. पण एका जगातून दुसऱ्याचं शिखर लांबून दिसावं आणि पाय आपोआप तिकडे वळावेत, ही जुनी मजा त्यात कमी होते.

तुमच्या फोनमुळे काय बदललं?

फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह चालतं ते जमिनीवर उभ्या माणसाच्या नजरेतून. ड्रोन वर गेला की किल्ल्याच्या वरच्या खिडक्या किती चिमुकल्या आहेत ते उघडं पडतं. गूगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू लावून डिस्नीलँडची हॉन्टेड मॅन्शन शोधा. समोर दिसणारी हवेली छोटीशी आहे. खरी राइड बांधाच्या पलीकडे एका मोठ्या गोदामासारख्या इमारतीत आहे.

दुसरा बदल झूमचा. फोनच्या साध्या वाइड कॅमेऱ्यात मागचा मनोरा लहान दिसतो. मित्राला जागेवर उभं ठेवून तुम्ही मागे सरका आणि तीन किंवा पाच पट झूम करा. मित्र तेवढाच राहील, मनोरा मात्र अंगावर येईल. म्हणजे डिझायनरने पार्श्वभूमीत ठेवलेली वास्तू तुमच्या फोटोत हिरो होते. शेअर होतात तेही असेच फोटो. अशा वेळी कंपनीला मोह होणारच: उंच वास्तू ओळखू येईल अशा ब्रँडची करा, जाहिरात लोकच फुकटात करतील. कॅलिफोर्नियाच्या टॉवरकडे मी याच नजरेने बघतो.

अबुधाबीत काय बघायचं?

यास बेटावर पार्क आधीच आहेत. २०१० मध्ये आलेलं फेरारी वर्ल्ड आणि २०१८ मधलं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, दोन्ही मुख्यतः छपराखाली. उन्हासाठी ते गरजेचं आहेच, पण थीमलाही फायदा होतो. आत आकाशही रंगवलेलं असल्यामुळे बॅटमॅनच्या गॉथममधून बाहेरचं काही दिसायची भीती नाही. बाहेरून खूण म्हणून फेरारीचं लाल छप्पर पुरेसं होतं.

डिस्नीचं पार्क समुद्रकाठी येणार आहे. घोषणेसोबतच्या चित्रात युरोपीय दगडी किल्ला नव्हता, आधुनिक वळणाचा चमकता मनोरा होता. पार्क डिस्नीचं असलं तरी त्याची ओळख अमिरातीची असेल, असं कंपनीचं म्हणणं आहे. हे खरं होतं का, ते ब्रोशरवरून नाही, त्या मनोऱ्यावरून कळेल. मुंबईहून विमानाने जेमतेम तीन तासांवरचं हे पार्क अनेक मराठी घरांसाठी पहिलं डिस्नी पार्क ठरू शकतं, तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर घराजवळचं. म्हणून आपणही ग्राहक म्हणून हे विचारायला हरकत नाही.

तोवर एक सोपी टेस्ट सांगतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकात, किंवा कुठल्याही पार्कात गेलात, की तिथली सगळ्यात उंच गोष्ट शोधा. इमॅजिकात ती बहुधा नायट्रो रोलर कोस्टरचे रूळ असतील. मग तीन-चार वेगवेगळ्या भागांतून तिचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत ती त्या जागेची वाटली तर कोणीतरी नीट विचार केलाय. एकाच फोटोत शोभली आणि बाकीच्यांत खुपली, तर थीम फक्त दारापुरती आहे आणि तिकीट तुम्ही पूर्ण पार्काचं काढलंय.