ऐंशी ग्रॅमचा स्टोव्ह आणि सहा जणांची खिचडी

आमच्या घरी माळ्यावर एक पितळी स्टोव्ह आहे. आईच्या संसारातला. घरात गॅस आला तेव्हा तो माळ्यावर गेला, आणि मला कॉलेजात गडकिल्ल्यांचं वेड लागलं तेव्हा पुन्हा खाली उतरला. पण गडावर तो त्या काळात एकदाच आला. रिकामा सव्वा किलो, रॉकेल भरल्यावर दोन किलो, शिवाय पिन, काकडा आणि वॉशरची पुरचुंडी वेगळी. कोणाच्या पाठीवर टाकायचा यावरून पायथ्यालाच भांडण झालं. त्यानंतर आम्ही सर्वानुमते ठरवून टाकलं की, स्टोव्ह न्यायचा नाही. गडावर लाकूड फुकट असतं.

ते फुकट नसतं हे कळलं १९८४ च्या डिसेंबरात, हरिश्चंद्रगडावर. अंधार पडता पडता वर पोचलो होतो. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. गुहेपासून थोड्या अंतरावर सुक्या लाकडांची एक मोळी नीट बांधून ठेवलेली दिसली. आम्हाला वाटलं, आधीच्या एखाद्या गटाने मागच्यांसाठी ठेवली असेल. रात्री खिचडी झाली, चहा झाला, शेकोटी तर पहाटेपर्यंत चालली. सकाळी पाचनईच्या बाजूने एक बाई गुरं घेऊन वर आली. राख बघून ती थांबली. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "एका रातीत सगळी जाळली व्हय, दादा?" दोन दिवस फिरून तिने ती जमवली होती आणि त्या दिवशी घरी न्यायची होती. आम्ही दहा रुपये पुढे केले. तिने ते घेतले, पदराला बांधले आणि गुरं सोडून पुन्हा रानात वेचायला गेली. आम्ही पोहे करणार होतो, ते कोणी केले नाहीत.

त्यानंतर मी गडावर चूल पेटवली नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पेटवली, पुढे कितीतरी वर्षं पेटवली. "चुलीवरच्या जेवणाची चव" हे आम्हा भटक्या मंडळींचं लाडकं वाक्य आहे आणि मीही ते पुष्कळ वेळा ऐकवलं आहे. पण खरं सांगायचं तर उघड्यावर तीन दगडांवर केलेल्या खिचडीला चव असते ती भुकेची. घरी तीच खिचडी कोणी पानात वाढली तर आपण धुराचा वास आला म्हणून ताट सरकवू.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. गेल्या वर्षी त्याने एक नवा गॅसचा स्टोव्ह आणला. तीन पाय दुमडले की मुठीत मावतो, वजन ऐंशी ग्रॅम. खोक्यावर लिहिलेलं, अर्धा लिटर पाणी तीन मिनिटांच्या आत उकळतं. "काका, तुमचा पितळी कारखाना आता मोडीत द्या," असं तो म्हणाला. मी म्हटलं, परीक्षा घेऊ आणि मग मोडीत द्यायचा तो देऊ. त्याच्या एका मित्राने थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्यापासून घरी केलेला स्पिरिटचा दिवाही स्पर्धेत उतरवला. त्याचं वजन पंधरा ग्रॅम.

आमच्या पितळी स्टोव्हला मोडीत काढण्याआधी त्याचं कूळ मात्र सांगायला हवं. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने वात नसलेला, रॉकेलची आधी वाफ करून ती जाळणारा स्टोव्ह केला. हाच तो प्रायमस. काजळी धरत नाही आणि ज्योत निळी, हा त्याचा मोठा गुण. १९११ साली अॅमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्या घसरगाडीवर हाच होता. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूत हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते. ते त्याने शेकले प्रायमसवरच, आणि मग तो आणि तेनसिंग वर गेले. आपल्या आया ज्याला पिन मारून, हवा भरून, दोन शिव्या घालून पेटवत, तो त्याच घराण्यातला.

तर पहिली परीक्षा पुण्यात, आमच्या गॅलरीत. एक लिटर पाणी, झाकण ठेवून. ऐंशी ग्रॅमवाल्याने पाच मिनिटांत उकळी आणली. पितळीला काकडा लावून तापवण्यातच दोन मिनिटं गेली, पुढे त्याने सहा घेतली. स्पिरिटला बारा लागली, पण आवाज नाही, गडबड नाही, समईसारखा शांत. पुतण्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. मी त्याला ऐंशी ग्रॅमवाल्याची गॅसची डबी तागडीवर ठेवायला सांगितली. आत गॅस २३० ग्रॅम, पत्र्याचं वजन साधारण दीडशे. म्हणजे पाठीवर ऐंशी ग्रॅम नव्हे, पावणेपाचशेच्या आसपास, आणि त्यातली दीडशे ग्रॅमची रिकामी डबी परतही आणायची. गडावरच्या झुडपांत अशा डब्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. लाकूड वाचवून पत्रा टाकून येण्यात कसली हुशारी?

स्पिरिटचंही तसंच. दिवा पंधरा ग्रॅमचा, पण स्पिरिटमध्ये उष्णता रॉकेलच्या वा गॅसच्या मानाने वजनाला साठ टक्केच. एक रात्र, दोन माणसं असतील तर तो सगळ्यांत हलका. सहा माणसं आणि दोन रात्री म्हटलं की बाटलीचं वजन दिव्याला हसतं.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली, त्याच हरिश्चंद्रगडावर. हा गड मुद्दाम निवडला. एक तर तिथला वारा. कोकणकड्यावरून वर येणारा वारा काय चीज आहे हे तिथे उभं राहिलेल्याला सांगायला नको. दुसरं, माझं तिथे जुनं देणं होतं. गडाची उंची १,४२४ मीटर. इतक्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णवच्या सुमाराला उकळतं. भाताला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण तूरडाळ रुसते. गडावर न्यायची ती मूगडाळ, आणि तीही चढताना डब्यात भिजत घातलेली.

वर गेल्यावर उघड्यावर, आडोशाशिवाय तिन्ही मांडले. ऐंशी ग्रॅमवाल्याची ज्योत पातेल्याखालून बाहेर पळायला लागली. चौदा मिनिटं झाली तरी पाण्याला नुसते बुडबुडे. स्पिरिटचा दिवा दोनदा विझला. पितळी तेवढा गुरगुरत राहिला आणि नऊ मिनिटांत उकळी आणून मोकळा झाला. मी काही बोललो नाही.

मग मी पिशवीतून माझा पत्रा काढला. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराकडून जुन्या तेलाच्या डब्याचा कापून, कडा दुमडून घेतलेला, वीतभर उंच आणि तीन घड्यांचा. तो वाऱ्याच्या बाजूने उभा केला, पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं, आणि तोच ऐंशी ग्रॅमवाला सात मिनिटांत पोचला. स्पिरिटही चौदा मिनिटांत. म्हणजे हजारो रुपयांच्या स्टोव्हची निम्मी ताकद एका जुन्या पत्र्यावर अवलंबून होती. दुकानात बर्नरचं कौतुक होतं, कारण पैसा बर्नरला मिळतो. झाकण आणि आडोसा यांची जाहिरात कोण करणार?

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. ज्या स्टोव्हमध्ये बर्नर थेट गॅसच्या डबीवर बसतो, त्याला पत्र्याने चारी बाजूंनी वेढू नये. आतली उष्णता कोंडते, डबी तापते आणि फुटू शकते. वाऱ्याकडची बाजू झाकावी, आपल्याकडची उघडी ठेवावी, मधूनमधून डबीला हात लावून बघावं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला असं समजून त्यात बाटली ओतणारे हात भाजून घेतात. आणि कितीही थंडी असो, तंबू बंद करून आत कुठलाच स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

थंडीवरून आठवलं. पहाटे चहाच्या वेळी गॅसची ज्योत मलूल झाली. पुतण्याला वाटलं गॅस संपला. संपला नव्हता. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबवतो, आणि गॅस बाहेर पडताना डबी स्वतःच गार होत जाते. डबी थोडा वेळ कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवली की ती शुद्धीवर येते. हिमालयात जाणाऱ्यांनी आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेली डबी घ्यावी, आणि ती मनालीत वा लेहमध्येच घ्यावी, कारण विमानात आणि रेल्वेत ती नेता येत नाही.

पण हे सगळं झालं पाण्याचं. परदेशी कंपन्या अर्धा लिटर पाण्याची परीक्षा घेतात यात त्यांची लबाडी नाही. त्यांचा भटक्या बहुधा एकटा किंवा दुकटा चालतो, सुकवलेल्या जेवणाच्या पुडीत उकळतं पाणी ओतून पोट भरतो. आपण सहा असतो, कधी वीस. आपल्याला तांदूळ लागतो, डाळ लागते, वर फोडणी लागते, आणि चहा तर दर दोन तासांनी. आपली परीक्षा उकळीची नाही, ती मंद आचेची आहे. त्या परीक्षेत ऐंशी ग्रॅमवाला साफ नापास झाला. त्याची ज्योत रुपयाएवढ्या जागेत एकवटलेली. सहा जणांच्या खिचडीचं पातेलं त्याच्या काडीसारख्या पायांवर डुलत होतं, म्हणून आम्ही तीन बाजूंना तीन दगड लावले. म्हणजे फिरून पुन्हा चूलच! खिचडी मधे करपली आणि कडेला तांदूळ कचकचत राहिला.

दुसऱ्या रात्री आजीची युक्ती केली. खिचडीला सणसणीत उकळी आणायची, पाच मिनिटं शिजू द्यायची, झाकण लावून स्टोव्ह बंद करायचा आणि पातेलं शालीत गुंडाळून झोपायच्या पिशवीत अर्धा तास ठेवायचं. आजी कोळसे वाचवायला भाताचं पातेलं गोधडीत ठेवायची. खिचडी मऊ, करप नाही, गॅस निम्मा. पिशवीला दोन दिवस हिंगाचा वास येत होता, पण तो कोणाला नको होता?

माझं मत विचाराल तर ते असं. चार-सहा जणांच्या घराने गडावर जायचं असेल तर सगळ्यांत हलका स्टोव्ह घेऊ नये. रबरी नळीने डबीपासून वेगळा राहणारा, जमिनीलगत बसणारा, रुंद पायांचा घ्यावा. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त गेले तर जाऊ देत. उरलेले पैसे घट्ट झाकणाच्या पातेल्यावर आणि पत्र्यावर घालावेत. पितळी स्टोव्हची मला माया आहे, पण रेशनवरचं रॉकेल आता जवळपास दुर्मीळच झालं आहे, आणि वॉशर बदलायला बसवून देणारा माणूसही शोधावा लागतो.

चूल मात्र नको. सहा जणांचं जेवण तीन दगडांवर करायला चार-पाच किलो लाकूड सहज जातं, शेकोटीचं वेगळंच. शनिवारी रात्री असे वीस गट वर आले, तर शंभर किलोंची गोष्ट झाली. तेवढं वाळलेलं लाकूड आता मिळत नाही, मग ओल्या फांद्यांवर कोयता पडतो. हा सगळा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. आणि गुहांची छतं बघा, आमच्या पिढीची काजळी अजून तिथेच आहे.

इथे कोणी म्हणेल, आता गडावर आणि पायथ्याला गावकरी पिठलं-भाकरी करून देतात, मग स्टोव्ह हवा कशाला? बरोबर आहे. जिथे एखादं घर त्यावर चालतं तिथे आपली पातेली न काढता त्यांच्याकडे जेवावं, पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. त्यांची चूलही लाकडावरच असते हे खरं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या शेगड्या खेड्यापाड्यांत गेल्या, पण भरलेलं सिलिंडर, लोखंडासकट तीस किलोंचं, डोक्यावरून गडावर कोण नेणार? तिने वेचलेल्या लाकडावर तिचा संसार आहे. आपल्या चुलीवर आपली हौस असते. या दोन धुरांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अशाच एका झोपडीवजा हॉटेलात चहाला थांबलो. पुतण्याने स्टोव्ह बाहेर काढलेला बघून तिथल्या ताई जवळ आल्या. किंमत विचारली. ऐकून "अगं बाई" म्हणाल्या. हातात घेऊन उलटसुलट केला, आणि विचारलं, "यावर भाकर होती का?"

आमच्या तीन दिवसांच्या परीक्षेत हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. त्यांनी तवा ठेवला, पत्रा मी लावला. भाकरी पडली. मधे काळा ठिपका, कडेला पांढरं पीठ. ताई तवा गोल गोल फिरवून बघत होत्या, शेवटी हसल्या आणि भाकरी उचलून आपल्या चुलीच्या निखाऱ्यावर टाकली. ती टम्म फुगली. अर्धी त्यांनी पुतण्याला दिली, अर्धी मला.