पाहावे काय, टाळावे काय?

पूर्वी तालुक्याच्या गावी एखादेच चित्रपटगृह असे. तेथे लागलेला चित्रपट पाहायचा की नाही, एवढाच निर्णय कुटुंबाला करावा लागे. आज शहरातील बहुपडदा चित्रपटगृहात एकाच दिवशी सात-आठ चित्रपट चालू असतात आणि घरातल्या दूरचित्रवाणी संचावर व मोबाइलवर शेकडो. निवडीला वाव वाढला. निवडीची कसोटी मात्र हरवत गेली. चौघांचे कुटुंब चित्रपटाला गेले की तिकिटे, खाणे आणि वाहनतळ धरून शहरात हजार रुपयांत भागत नाही. एवढा खर्च करण्यापूर्वी चौकशी होते ती कशाची? चित्रपटाने किती कोटींचा गल्ला जमवला याची! बाजारात सर्वांत जास्त काय खपले, एवढेच विचारून भाजीची पिशवी भरणारी गृहिणी सापडणार नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाच न्याय सर्रास लावला जातो.

दुसरी कसोटी याहून सोज्ज्वळ, पण तितकीच फसवी आहे. विषय आपल्या इतिहासाचा, आपल्या श्रद्धेचा आहे ना, मग चित्रपट पाहिलाच पाहिजे, असे अनेक सुजाण घरांतून मानले जाते. वस्तुतः गल्ला आणि विषय या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या बाहेरच्या आहेत. पडद्यावर प्रत्यक्ष काय उभे राहिले, ते सचोटीने उभे केले आहे का आणि घरी परतताना कुटुंब त्याविषयी काय बोलेल, हा खरा प्रश्न. गेल्या तीन वर्षांतील काही चित्रपट या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहेत.

एकाच शुक्रवारची दोन चित्रे

१ डिसेंबर २०२३ या एकाच दिवशी ‘अ‍ॅनिमल’ आणि ‘सॅम बहादुर’ हे दोन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले. पहिल्याने तिकीटबारीवर उच्चांकांची रांग लावली. वडिलांच्या मायेला आसुसलेला मुलगा, ही त्याची मूळ कल्पना वाईट नव्हती. परंतु तीन तास वीस मिनिटांच्या या चित्रपटात त्या वेदनेचे रूपांतर रक्तपातात आणि स्त्रीला धाकात ठेवण्याच्या मर्दुमकीत होते, आणि दिग्दर्शक त्याकडे कौतुकाने पाहत राहतो. हिंसा दाखवणे हा दोष नव्हे. महाभारतात हिंसा थोडी नाही. हिंसेचा हिशेब न मागणे, हा दोष आहे. चित्रपटाला प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र होते, म्हणून मुलांना चित्रपटगृहाच्या दाराशी अडवता आले. जानेवारी २०२४ मध्ये तो ओटीटीवर आला आणि घरातले दार उघडेच राहिले. हा चित्रपट टाळावा, हे निःसंकोच सांगता येईल.

मेघना गुलजार दिग्दर्शित ‘सॅम बहादुर’मध्ये फील्ड मार्शल माणेकशा यांची भूमिका विकी कौशल यांनी केली. प्रसंगांमागून प्रसंग येतात, त्यांना जोडणारा धागा मध्येच सैल पडतो, हे त्याचे उणेपण. परंतु सेनापतीने राजकीय नेतृत्वाला स्पष्ट सल्ला कसा द्यावा आणि १९७१च्या युद्धाची घाई न करता सिद्धता कशी करावी, हे त्यात नेमके येते. दहावी-बारावीच्या मुलांसह पाहावा, असा हा चित्रपट आहे. त्या शुक्रवारी किती कुटुंबांनी कोणत्या खेळाचे तिकीट काढले, हे तिकीटबारीच्या आकड्यांनी सांगितलेच.

विषय मोठा, म्हणून चित्रपट मोठा?

जून २०२३ मध्ये आलेला ‘आदिपुरुष’ हे या प्रश्नाचे बोलके उत्तर ठरावे. प्रभू रामचंद्रांची कथा आणि कोट्यवधींचा खर्च! दिग्दर्शक ओम राऊत हेही नवखे नव्हते; सुबोध भावे यांना घेऊन २०१५ मध्ये ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ आणि २०२० मध्ये ‘तान्हाजी’ हे चित्रपट त्यांनीच केले होते. तरीही ‘आदिपुरुष’मधील लंका संगणकीय खेळातल्यासारखी काळवंडलेली दिसली आणि मारुतिरायांच्या तोंडी नाक्यावरची भाषा आली. प्रेक्षक इतके दुखावले, की प्रदर्शनानंतर काही दिवसांतच निर्मात्यांना संवाद बदलावे लागले. ज्या देशात रामकथा कीर्तनकाराच्या एका झांजेवर उभी राहते, तेथे ती भव्य खर्चानेही उभी राहू शकली नाही. श्रद्धेचा विषय हाताळणाऱ्याला सवलत द्यायची नसते; उलट त्याच्याकडून अधिक मागायचे असते.

मार्च २०२४ मधील ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’ या चित्रपटाचे मूल्यमापनही याच समतोलाने करावे लागेल. दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असा दुहेरी भार रणदीप हुडा यांनी उचलला. अंदमानच्या कोठडीतील प्रसंगांसाठी त्यांनी देह झिजवला आणि तो भाग मनात घर करतो. मात्र जवळजवळ तीन तासांत एवढ्या घटना कोंबल्या आहेत, की पूर्वमाहिती नसलेल्या तरुण प्रेक्षकाला दम लागतो. मुलांना आधी त्या कालखंडाची थोडी ओळख करून द्यावी आणि मग दाखवावा. म्हणजे व्यक्ती दिसेल, नुसती घटनांची रांग नव्हे.

‘छावा’ आणि पालकांची जबाबदारी

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ पाहण्यासाठी महाराष्ट्रातील घरेच्या घरे चित्रपटगृहात गेली. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट पाहावा असाच आहे. विकी कौशल यांची तडफ आणि अक्षय खन्ना यांनी साकारलेला थंड, थकलेला, म्हणूनच अधिक भयकारी औरंगजेब दीर्घकाळ लक्षात राहील. उणीव आहे ती समग्रतेची. रणांगणावरचे संभाजीराजे भरभरून दिसतात. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ रचणारे विद्वान संभाजीराजे मात्र ओझरतेच भेटतात. महाराणी येसूबाईंच्या वाट्यालाही त्यांच्या कर्तृत्वाच्या मानाने थोडेच प्रसंग आले आहेत.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. या चित्रपटाला ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र होते. २०२४च्या नव्या नियमांनी ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर मुलांना प्रवेशच नसतो. ‘यूए’मध्ये मात्र वयाची खूण ही पालकांसाठीची सूचना असते, अंतिम निर्णय पालकांचा. शेवटच्या भागातील छळाचे दीर्घ दृश्य पाहून सात-आठ वर्षांची बालके भेदरून आईच्या कुशीत शिरत होती. इतिहास मुलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण बलिदानाची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकणे वेगळे आणि मोठ्या पडद्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ते हाल पाहणे वेगळे. प्रमाणपत्रावरील खूण वाचणे हा काही अविश्वास नव्हे. ती पालकांची जबाबदारी आहे.

मराठीतील दुर्लक्षित धन

१० नोव्हेंबर २०२३ रोजी सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ भाग २’ एकाच दिवशी लागले. दोनच दिवसांनी, ऐन दिवाळीत, ‘टायगर ३’ आला आणि चर्चा त्याचीच झाली. पुढे १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट! कृष्णधवल ‘श्यामची आई’ संथ आहे, रंगांना सरावलेली मुले प्रारंभी चुळबुळ करतील. परंतु साने गुरुजींच्या कारावासाच्या पार्श्वभूमीवर येणारे आईचे संस्कार नुसते रडवत नाहीत, विचारही करायला लावतात. ‘नाळ भाग २’मध्ये चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो आणि लहान बहिणीचा जीव जिंकण्यासाठी धडपडतो. सहा वर्षांच्या नातवापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सर्वांनी एकत्र पाहावा, असा चित्रपट विरळा. हा तसा आहे.

आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ची कथा तर विलक्षणच. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीत पाण्यासाठी झटलेल्या हनुमंत केंद्रे यांच्या जीवनावरील या चित्रपटाला २०१९ मध्ये पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि प्रेक्षकांसमोर तो आला ऑक्टोबर २०२४ मध्ये! जलसंधारणाचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो पाहावा. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मार्च २०२५ मध्ये आला. विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याची शिकणारी मुलगी आणि पोहे देण्याचे तेच ते कार्यक्रम. उंची, रंग, शिक्षण यांचे तेच प्रश्न तिला पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि प्रेक्षक हसता हसता अंतर्मुख होतो. लग्नाच्या वयाची मुले-मुली ज्या घरात आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनी तो आधी पाहावा.

१ मे २०२५ रोजी आलेला शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय!’ सत्य घटनेवर बेतला आहे. मुंबई महानगरपालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, एवढेच कथानक. उत्तरार्धात भावनांचा सूर थोडा चढतो, तरी श्रमाची प्रतिष्ठा भाषणाविना कशी दाखवावी, याचा तो वस्तुपाठ आहे. सप्टेंबर २०२५ मधील सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी कोकणातील लोककलावंत ज्या ताकदीने उभा केला, त्याला तोड नाही. दुसऱ्या भागात कथा सूडाच्या वळणावर लांबते. पण प्रभावळकरांसाठी आणि कोकणच्या मातीसाठी ती लांबी सोसावी.

हलकेफुलके म्हणजे हलके नव्हे

प्रत्येक चित्रपटाने बोधच दिला पाहिजे, हा आग्रहही बरा नव्हे. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) बोधाच्या वाटेला जात नाही. कारस्थान रचणारेच कारस्थानात कसे अडकत जातात, याची ती गमतीदार, काळपट गोष्ट आहे. घरातील मोठ्यांनी जरूर पाहावी. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये (२०२४) पदराआडच्या दोन नववधूंची आगगाडीत अदलाबदल होते आणि निर्मळ विनोदातून स्त्रीशिक्षणाचा विषय अलगद उलगडतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा मुलगा घरात असेल, तर ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) चुकवू नये. महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी मनोज कुमार शर्मा यांचा प्रवास त्यात आहे. अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ (२०२३) मात्र मुलांसाठी नाही. स्मृती हरवू लागलेली मध्यमवयीन स्त्री वेंगुर्ल्याला आपले बालपण शोधत येते, ही शांत कथा पन्नाशीतल्या पती-पत्नींनी निवांत पाहावी. याउलट ‘सिकंदर’सारखे (२०२५) चित्रपट, ज्यांत नायकाच्या नावापलीकडे काहीच नाही, ते सोडून दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

पहिला आठवडा निर्णायक

‘चित्रपट चांगला आहे म्हणतात, ओटीटीवर आला की पाहू’, हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. या वाक्याची किंमत ठाऊक असावी. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या, त्यावर पुढील आठवड्याचे खेळ ठरतात. मोठ्या हिंदी चित्रपटाची जाहिरात महिनाभर आधीपासून चालू असते. मराठी चित्रपटाची भिस्त ‘पाहा, चांगला आहे’ या तोंडी सांगाव्यावर असते. तो सांगावा पोहोचेपर्यंत आठवडा उलटतो, सायंकाळचा खेळ दुपारी बारावर जातो आणि नोकरदार कुटुंब पोहोचते तेव्हा फलक बदललेला असतो. मग मराठी चित्रपटाला प्रेक्षक नाही, असा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे!

प्रेक्षकाने मनावर घेतले तर काय होते, हे केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने ३० जून २०२३ नंतर दाखवून दिले. सहा बहिणींच्या मंगळागौरीची ही कथा पाहायला सोसायट्यांतील आणि महिला मंडळांतील स्त्रिया गटागटाने गेल्या आणि तो मराठीतील सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. त्या यशामागे कोणी बडा नायक नव्हता. मावशीने आत्याला आणि आत्याने शेजारणीला सांगितले, एवढेच.

निवडणुकीतले तिकीट पक्ष देतो. चित्रपटाचे तिकीट प्रेक्षक काढतो आणि ते काढतानाच मतही देतो. ‘अ‍ॅनिमल’ला दिलेले मत पुढील दहा ‘अ‍ॅनिमल’ घडवते आणि ‘स्थळ’ला न दिलेले मत एखाद्या होतकरू दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट थांबवते. तेव्हा महिन्यातून एकच चित्रपट पाहावा, पण प्रमाणपत्र वाचून, जाणत्या चार जणांना विचारून आणि पहिल्याच आठवड्यात. पाहिल्यावर घरी जेवताना त्यावर बोलावे. मुलांना काय खटकले, तेही ऐकावे. आणि चांगला वाटला, तर दुसऱ्याच दिवशी आणखी दोन घरांना सांगावे. चांगल्या चित्रपटाला याहून मोठी जाहिरात लागत नाही.