साधने बदलतात, पाया टिकतो

मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आता ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावा लागतो. रेल्वेचे आरक्षणही घरबसल्या मोबाइलवर होते. ज्या यंत्रणेवर ही कामे चालतात, तिलाच वेब ॲप म्हणतात. पेण-रोह्याकडची आपली मुलेही आता ही ॲप बनवायला शिकत आहेत. कुणाचे वडील धाटावच्या कारखान्यात पाळ्या करतात, कुणाची आई पोह्याचे पापड लाटते. त्याच कमाईतून क्लासची फी जाते. तेव्हा पालकांनीही हा विषय थोडा समजून घेतला पाहिजे.

वेब ॲपचे काम दोन प्रकारचे असते. एक बनवण्याचे, दुसरे ते चालते ठेवण्याचे.

बनवण्याची साधने झपाट्याने बदलतात. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट १९९५ साली आल्या. २००६ साली जेक्वेरी आली आणि पुढे काही वर्षे तिचाच बोलबाला होता. २०१३ साली फेसबुकने रिॲक्ट सर्वांसाठी खुले केले आणि नोकरीच्या जाहिरातींत ते नाव झळकू लागले. आता तर सांगाल तसा कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. पण ब्राउझरला आजही एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट हेच कळते. ज्याचा हा पाया पक्का, त्याला नवे साधन शिकायला फार दिवस लागत नाहीत. यंत्राने लिहिलेल्या कोडमधली चूकही त्यालाच सापडते.

आता ॲप चालते ठेवण्याविषयी. त्यासाठी रात्रंदिवस सुरू राहणारा संगणक लागतो. तो विकत घेणे परवडत नाही, म्हणून भाड्याने घेतात. यालाच होस्टिंग म्हणतात. ॲमेझॉनने २००६ साली असे संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ साली त्यांचे केंद्र मुंबईतही आले. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला हिरानंदानी समूहाच्या ‘योट्टा’ कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर २०२० साली सुरू झाले. तेथे वीज, थंडावा आणि पहारा यांची चोवीस तास व्यवस्था असते.

शिकणारी मुले बहुधा फुकटचे होस्टिंग वापरतात. त्यात गैर काही नाही, पण सावध राहावे. ‘हेरोकू’ ही कंपनी विद्यार्थ्यांची आवडती होती. २८ नोव्हेंबर २०२२ पासून तिने फुकट योजना बंद केली. सूचना आधी दिली होती. ज्यांनी आपला कोड आणि माहिती यांची प्रत काढून ठेवली, त्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड थाटले. ज्यांनी ठेवली नाही, त्यांची मेहनत वाया गेली.

म्हणून फी भरण्यापूर्वी क्लासवाल्याला तीन प्रश्न जरूर विचारा. पहिला, रिॲक्टच्या आधी जावास्क्रिप्ट नीट शिकवणार का? दुसरा, कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारे ‘गिट’ शिकवणार का? हे साधन २००५ पासून फुकट उपलब्ध आहे. तिसरा, मुलाने केलेले काम त्याच्या स्वतःच्या खात्यावर राहणार की क्लासच्या?

तिन्ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर घामाचा पैसा तेथे घालू नका. आणि मुलीने किंवा मुलाने केलेल्या कामाची एक प्रत घरातल्या पेन ड्राइव्हवर ठेवायला आजच सांगा.