कुंभासाठी रस्ते रुंद होतायत. नाशिकच्या सायकलवाल्या शांत रस्त्यांचं काय होणार?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला, दुसरं 31 ऑगस्टला आणि तिसरं नाशिकमध्ये 11 सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबरला होईल. या तारखा डोळ्यांसमोर ठेवून नाशिकभोवती रस्त्यांची मोठी कामं हाती घेतली गेली आहेत. शहराला वळसा घालणारा सुमारे 66 किलोमीटरचा परिक्रमा मार्ग आणि नाशिक-त्र्यंबक रस्त्याचं रुंदीकरण ही त्यातली ठळक नावं.

या कामांवरून वाद कमी झालेले नाहीत. त्र्यंबक रस्त्यालगतची बांधकामं पाडायला सुरुवात झाल्यावर शेतकरी रस्त्यावर उतरले. तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय तर थेट कोर्टापर्यंत गेला. पण नाशिकच्या पश्चिमेला डोंगरांच्या कुशीतून जाणाऱ्या छोट्या, कमी रहदारीच्या रस्त्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नाशिकची 'सायकलचं शहर' ही ओळख ज्या रस्त्यांवर तयार झाली, ते हेच.

नाशिकच का?

2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीममध्ये नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोनच वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पार केली. त्या काळात त्यांची नेमणूक नाशिकलाच होती. दरवर्षी आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात डॉक्टरांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे असतात.

यामागे हौस आणि संघटन आहेच, पण भूगोलाचाही वाटा मोठा आहे. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं खाली आहे. इथून पश्चिमेला निघालं की जमीन हळूहळू चढत जाते. त्र्यंबक गाव 28-30 किलोमीटरवर, सातशे मीटरच्या वर. त्याच्या मागे ब्रह्मगिरी सुमारे 1,300 मीटर. म्हणजे नवख्या माणसाला दम न लागता चढ चढता येतो आणि ज्याला पायांची परीक्षा घ्यायची आहे त्याला पुढे घाट मिळतात. पावसाळ्यात शहरात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबक-पहिनेकडे धो धो कोसळत असतं. तासाभरात हवामान बदलून टाकणारे असे रस्ते मुंबई-पुण्याच्या सायकलस्वाराला घराजवळ मिळत नाहीत, त्यासाठी त्याला आधी गाडीत सायकल टाकावी लागते.

पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेलं असतं. पण पुण्याची सायकल कामावर जायची होती आणि ती शहरातल्या रस्त्यांवर हरली. नाशिकची आजची सायकल बरीचशी शहराबाहेर पळणारी आहे. त्यामुळे तिचं भवितव्यही शहराबाहेरच्या रस्त्यांवर ठरणार.

शांत रस्ता कुणी बांधत नाही

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कागदोपत्री रस्त्यांची उतरंड असते: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग. सायकलस्वारांचे आवडते रस्ते बहुतेक शेवटच्या दोन वर्गांतले. ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग साधारण 3.75 मीटर रुंद असतो. समोरून पिकअप आली की कुणीतरी एकाने साइडपट्टीवर उतरायचं. गैरसोयीचंच आहे हे. पण त्यामुळेच तिथे कुणी ऐंशीच्या वेगाने गाडी हाकत नाही.

आता हाच रस्ता 5.5 मीटरचा होतो, पुढे सात मीटरचा, म्हणजे दुपदरी. गावासाठी ही चांगली बातमी असते आणि ती नाकारण्याचा अधिकार शहरातून रविवारी येणाऱ्या सायकलवाल्याला नाही. रुग्णवाहिका लवकर पोहोचते, एसटी सुरू होते, टोमॅटोचे क्रेट आदळत नाहीत. अडचण अशी की वेग वाढवण्याइतकी रुंदी मिळते, पण सायकल आणि पायी चालणाऱ्यासाठी पक्की साइडपट्टी मिळत नाही. रस्ता अरुंद असताना सगळेच जपून चालतात. चौपदरी झाला आणि त्याला सेवा रस्ता मिळाला, तर सायकलला निदान जागा असते. मधली अवस्था सगळ्यात वाईट: वेग महामार्गाचा, कडा गावाच्या.

भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातले जवळपास तीन टक्के सायकलस्वार होते. आकडा लहान वाटतो, पण रस्त्यावर सायकली किती उरल्यात हेही सोबत बघायला हवं.

फ्रान्सचा रस्ता

जगभरचे सायकलस्वार फ्रान्सच्या ग्रामीण भागात जातात. टेकडीवरचं जुनं तटबंदीचं गाव, खाली नदी आणि दोन्हीकडे वळणं घेत जाणारा निर्जन डांबरी रस्ता हे चित्र आता जाहिरातींनी घासून गुळगुळीत केलंय. तरी ते खोटं नाही. फ्रान्समध्ये सुमारे 11 लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले सुमारे 12 हजार किलोमीटर जलद मार्ग, पावणेचार लाखांच्या वर आपल्या जिल्हा मार्गांसारखे आणि उरलेले जवळपास सगळे गावांचे. लांब पल्ल्याची जड वाहतूक त्या 12 हजार किलोमीटरवर ओढून घेतली गेल्याने बाकीचे रस्ते मोकळे राहिले. त्यांना सायकल ट्रॅक बनवावं लागलं नाही.

शिवाय एक नियम आहे, ज्याला सिमेंट लागत नाही: सायकलला ओलांडताना मोटारीने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं.

या न्यायाने नाशिकचा परिक्रमा मार्ग सायकलस्वारांचा शत्रू ठरतोच असं नाही. मुंबई, पुणे, गुजरात आणि छत्रपती संभाजीनगरच्या दिशांनी येणारे ट्रक शहराबाहेरूनच फिरले, तर आतले आणि पश्चिमेचे रस्ते हलके होऊ शकतात. प्रश्न जोडरस्त्यांचा आहे. मोठ्या मार्गावर जिथे चढ-उतार ठेवले जातात, तिथून आतल्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांची दर्जोन्नती होते, मग प्लॉटिंगचे फलक लागतात, मग फार्महाऊस. गंगापूर धरणाच्या बाजूला हे घडताना नाशिककरांनी पाहिलंय. गोवर्धन, दुगाव, गिरणारे हा एकेकाळचा निवांत रस्ता. शनिवार-रविवारी तिथे आता रिसॉर्ट आणि वायनरींकडे जाणाऱ्या मोटारींची रांग असते. सायकलवाले पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत परततात, त्याचं कारण व्यायामाची शिस्त एवढंच नाही.

गिरणारेच्या पुढे मात्र अजून चित्र वेगळं आहे. वाघेरा घाट ओलांडून हरसूल, तिथून तोरंगण घाटातून त्र्यंबक आणि परत नाशिक, ही साधारण शंभर किलोमीटरची फेरी आजही जिल्ह्यातली सगळ्यात सुंदर मानावी अशी. टोमॅटोच्या हंगामात गिरणारेच्या बाजारापर्यंत गाड्यांची गर्दी असते, नंतर नागली-वरईची खाचरं, साग आणि शांतता. पेठ रस्ता असा उरलेला नाही. रामशेजच्या पायथ्याशी आशेवाडीपर्यंत ठीक, पुढे गुजरातकडच्या ट्रकांची सोबत.

खरी काळजी त्र्यंबकच्या दक्षिणेची आहे. पेगलवाडीहून पहिनेमार्गे घोटीला जाणारा रस्ता पावसाळ्यात धबधब्यांमुळे आधीच गजबजतो. तो आता राष्ट्रीय महामार्ग 160-ए चा भाग आहे. घोटी, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मनोर, पालघर असा हा मार्ग, आणि त्याचं रुंदीकरण केंद्राच्या यादीत आहे. घोटी म्हणजे समृद्धी महामार्गाचा शेजार. सायकलला समृद्धीवर प्रवेशच नाही, पण समृद्धीवरून उतरलेली गाडी पहिनेच्या रस्त्यावर वेग विसरून येईल असं कोण म्हणेल? कुंभानंतर हा रस्ता समुद्राकडे जाणारा सरळ मार्ग होईल. पालघर-जव्हारच्या लोकांना त्याची गरज आहे, हेही तितकंच खरं.

हे फक्त हेल्मेटवाल्यांचं नाही

सायकल म्हटलं की लाखभर रुपयांची कार्बनची सायकल डोळ्यांपुढे येते आणि चर्चा 'श्रीमंतांचे छंद' इथे संपते. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात सायकल कुणाकडे असते ते बघायला हवं. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुके आहेत आणि नाशिक जिल्ह्यातले हे तिन्ही तालुके त्यात येतात. या कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळा सुटू नये, हा हेतू. म्हणजे एक सरकारी खातं मुलीच्या हातात सायकल देतंय आणि दुसरं तिच्या शाळेसमोरचा रस्ता सात मीटरचा करतंय. त्या रस्त्याला साइडपट्टी आहे का, शाळेजवळ गतिरोधक आहे का, ओढ्यावरच्या पुलाला पायी चालण्याइतकी कड आहे का, हे तिच्यासाठी ब्रेव्हेवाल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. तो आठवड्यातून एकदा येतो, ती रोज दोनदा जाते.

भारतीय रस्ते काँग्रेसने सायकल मार्गांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं केलेली आहेत, त्यामुळे नियम नाहीत अशी सबब चालणार नाही. त्र्यंबक रस्त्यासाठी जमीन घेतली जात असतानाच सायकलची पट्टी आखून घेणं स्वस्त पडतं. नंतर दुकानं आणि पार्किंग बसलं की ती जागा कधीच मोकळी होत नाही. आणि आतल्या रस्त्यांबाबत उलटं करावं लागेल: प्रत्येक जोडरस्त्याची रुंदी वाढवायची, हे गृहीत न धरता काही रस्ते डागडुजी करून तसेच ठेवायचे. खड्डे बुजवा, रुंदी राहू द्या. कंत्राटाच्या दृष्टीने हे काम अगदीच किरकोळ, म्हणून त्याच्या मागे कुणी लागत नाही.

सायकलस्वारांच्या हातात वेळही फार नाही. 'ब्रेव्हे' हा लांब पल्ल्याचा, वेळेच्या मर्यादेत पूर्ण करायचा सायकलप्रवास. त्याचे नियम पॅरिसमधला 1904 चा एक क्लब ठरवतो: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. याच क्लबची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1,200 किलोमीटरची फेरी चार वर्षांतून एकदा होते. फ्रान्सच्या त्याच छोट्या रस्त्यांवरून, वाटेत फुझेरसारख्या मध्ययुगीन किल्ल्याच्या गावातून ती जाते. पुढची फेरी ऑगस्ट 2027 मध्ये आहे, म्हणजे पहिल्या दोन अमृतस्नानांचाच महिना. तिथे जायचं तर त्याच हंगामात चारही अंतरं आपापल्या गावच्या रस्त्यांवर पूर्ण करावी लागतात. क्लबचा तो हंगाम 1 नोव्हेंबर 2026 ला सुरू होतो, कुंभाच्या ध्वजारोहणाच्या दुसऱ्या दिवशी.